गालावरचा हात

३ ऑगस्ट ९८, सोमवार

तिसरा महिना लागला. ड्रिल अजून हातात नाही. हातात आहे तो पेशंटचा गाल.

एम.एस. झालं, दोन वर्षं सरकारी दवाखान्यात नाक-कान-घसा करून झालं, आणि कवटीच्या तळापर्यंतची सर्जरी शिकायची म्हणून हौसेनं सरांकडे आले. सरांकडे नवीन माणसाला पहिले सहा महिने एकच काम. हिरव्या कापडाखाली हात घालून बसायचं. दोन बोटं पेशंटच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी, दोन ओठाच्या कोपऱ्याशी. चेहरा हलवणारी नस कानामागच्या हाडातून जाते. सरांचं ड्रिल तिच्या फार जवळ गेलं की गाल जरासा उडतो. उडाला की म्हणायचं, "हललं." सर ड्रिल उचलतात. झालं माझं काम. असं तीन तास, कधी पाच.

नस जवळ आली की आपणहून वाजणारं यंत्र सरांनी परदेशातून मागवलंय, ते कस्टममध्ये अडकलंय. "ते येईपर्यंत तुम्ही आहात," सर म्हणाले. कौतुक होतं की काय, कळलं नाही.

जेवताना मिलिंदला सांगितलं. धाकटा भाऊ, सॉफ्टवेअरवाला, सन दोन हजारचं संकट निवारण्यात गुंतलेला. म्हणाला, "म्हणजे तू सेन्सर आहेस." आई म्हणाली, "डॉक्टर आहे ती." मिलिंद म्हणाला, "बरं, डॉक्टर सेन्सर."

५ ऑगस्ट

कुसुम सिस्टर बावीस वर्षं थिएटरमध्ये आहेत. शिकणारं कुणी नसलं की हा हात त्यांचा असायचा. आज मनगट धरून शिकवलं. "दाबतेस कशाला? नुसता ठेव. तापलेल्या लेकराच्या गालावर ठेवतो तसा." मग हळूच, सरांना ऐकू जाणार नाही असं: "आणि खात्री करत बसू नकोस हं. वाटलं की बोलायचं. खात्री सरांनी करायची."

घरी येऊन मिलिंदच्या गालावर हात ठेवून बघितला. त्यानं मुद्दाम तोंड वेडंवाकडं केलं. गाढव आहे.

९ ऑगस्ट, रविवार

डेंटिस्ट मैत्रिणीचं जुनं ड्रिल आणलंय. कच्चं अंडं घ्यायचं, वरचं टरफल घासून काढायचं आणि आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही. हाड घासायचं आणि नस शाबूत ठेवायची त्याची ही रंगीत तालीम. आज सहा अंडी, सहाही फुटली.

आईनं भांडं घेऊन शेजारीच ठाण मांडलं होतं. भुर्जी, मग अंड्याची पोळी, मग परत भुर्जी. मिलिंद म्हणतो, ताई शिकेपर्यंत आपल्याला पिसं फुटतील.

१३ ऑगस्ट, गुरुवार

ओ.पी.डी.त आज बबन मास्तर. शनिवार पेठेतल्या एका बँडचे क्लॅरिओनेटवाले, वय शेहेचाळीस. डावा कान लहानपणापासून वाहतो. इतकी वर्षं कापसाचा बोळा घालून वाजवत आले. आता मान वळवली की गरगरतं. स्कॅन वाईट आहे. रोग हाड कुरतडत कवटीच्या तळापर्यंत गेलाय, चेहऱ्याच्या नसेला वेढून बसलाय.

सरांनी नेहमीसारखं सरळ सांगितलं. ऑपरेशन नाही केलं तर चेहरा जाईलच, पुढे मेंदूपर्यंत जाईल. केलं तरी नसेला धोका आहे. "शंभर टक्के खात्री देणारा कुणी भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका."

मास्तर म्हणाले, "कान गेला तर जाऊ द्या साहेब. तो नुसता नावाला हाय. पण ओठ गेला तर मी काय वाजवू?"

तारीख त्यांनीच काढली. गणपती वाजवून झाले की पितृपक्षात. तेव्हा त्यांचा धंदा बंद, आणि लोक त्या पंधरवड्यात ऑपरेशन करून घेत नाहीत म्हणून आमची लिस्टही रिकामी.

बाहेर पॅसेजमध्ये मला गाठलं. सोबत बायको शांताबाई. "मॅडम, तुम्ही असणार का आत?" मी म्हटलं, "असणार. तुमच्या ओठाजवळ माझाच हात असतो. मी लक्ष ठेवते." शांताबाईंनी माझ्या हाताकडे बघितलं, जणू काही मी त्यात काहीतरी धरलंय.

असं बोलायला नको होतं. पण त्यांचा चेहरा एकदम सैल झाला, मग मलाही बरं वाटलं.

२३ ऑगस्ट

आठवं अंडं अख्खं! पापुद्रा शाबूत, आतला बलक हलताना दिसत होता. आईला हाक मारली. ती चष्मा लावून आली, बघितलं आणि म्हणाली, "आता हे फोडू?"

५ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

दुपारी मिलिंदबरोबर मिरवणूक बघायला. गर्दीत चप्पल गेली. लाल कोट, सोनेरी गोंडे, डाव्या कानात कापूस: बबन मास्तर! गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले. ढोलांच्या गदारोळातही त्यांचा सूर वेगळा निघत होता. मी हात हलवला तर वाजवता वाजवताच क्लॅरिओनेटचं तोंड माझ्याकडे वळवून झुकले. लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. मिलिंद म्हणाला, "ओळख आहे?" मी म्हटलं, "गुरुवारी यांच्या गालावर माझा हात असणार."

त्या गालाकडेच बघत राहिले.

८ सप्टेंबर, मंगळवार

आज लाज निघाली. साधी केस होती. मी चार वेळा "हललं" म्हणाले. चारही वेळा सर थांबले, मायक्रोस्कोपमधून बघितलं, नस कुठे जवळपासही नव्हती. चौथ्यांदा म्हणाले, "सुजाताबाई, पेशंटला आपण चावी दिली आहे का?" सगळं थिएटर हसलं. भूल देणारे डॉक्टर तर खो खो.

कुसुम सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. हात धुताना म्हणाल्या, "हसू देत. तू सांगत राहा." मी हो म्हटलं. पण कानशिलं तापली होती ती घरी येईपर्यंत थंड झाली नाहीत. मी तिशीची बाई, शाळेतल्या मुलीसारखी हिरमुसून बसले.

१० सप्टेंबर, गुरुवार

बबन मास्तर. साडेपाच तास.

रोग वाटला होता त्याहून खोल. सर अप्रतिम करत होते, ते लिहायलाच हवं. तिसरा तास संपत आला तेव्हा ओठाजवळच्या बोटाखाली काहीतरी झालं. उडणं नव्हे. सुई टोचताना कातडी दबते तेवढंच. मला वाटलं माझीच नाडी. आधी खात्री करू या, असं मनात आलं. उगाच पाचव्यांदा हसं…

थांबले. पेशंटचे दोन श्वास, एवढंच.

मग गाल जोरात उडाला. मी "हललं" म्हणायच्या आत सरांनीच ड्रिल उचललं होतं. त्यांना दिसलं होतं.

संध्याकाळी मास्तर शुद्धीवर. सर म्हणाले, दात दाखवा. उजवी बाजू हसली. डावी तशीच.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही.

११ सप्टेंबर

सकाळी सरांनी पुन्हा उघडलं. नस तुटलेली नाही. शेवयीएवढी बारीक असते, पांढरी. एका जागी लाल, सुजलेली, वरचं आवरण खरवडलेलं. आजूबाजूचं हाड काढून तिला मोकळी केली. "दुखावली आहे," सर म्हणाले. "येईल. तीन महिने, सहा महिने. बहुतेक येईल." त्यांच्या तोंडून 'बहुतेक' मी फारसं ऐकलेलं नाही.

सर बाहेर जाऊन शांताबाईंना म्हणाले, "माझ्या हातून नसेला धक्का लागला आहे." सगळं स्वतःवर घेतलं. मी त्यांच्या मागे दोन पावलांवर उभी होते, फाइल छातीशी धरून. तोंड होतं मला. उघडलं नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार

राउंडला गेले तेव्हा मास्तर चहा पीत होते. डाव्या कोपऱ्यातून चहा गळतो. शांताबाई रुमाल घेऊन तयारच असतात, बोलता बोलता पुसतात. डावा डोळा मिटत नाही, झोपताना चिकटपट्टी लावावी लागते. 'प' आणि 'ब' नीट येत नाहीत. स्वतःचं नाव सांगताना अडखळतात.

मला बघून म्हणाले, "मॅडम, तुमचा हात होता ना तिथं?"

"होता."

"मग बरं," म्हणाले आणि उरलेला चहा प्यायले.

बाथरूममध्ये जाऊन रडले. पाच मिनिटं. मग पुढचा पेशंट.

१६ सप्टेंबर

आज दोन अंडी घेतली. दोन्ही फुटली. आईनं विचारलं नाही, भांडं पुढे केलं फक्त.

१७ सप्टेंबर, गुरुवार

सरांना सांगितलं. ओ.पी.डी. संपल्यावर, त्यांच्या खोलीत, उभ्या उभ्याच.

"किती वेळ थांबलात?"

"दोन श्वास."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता हाकलतील. म्हणाले, "त्या मंगळवारी तो चावीचा शेरा कुणी मारला होता?"

"आपण."

"हं." मग: "कुसुम पहिली दोन वर्षं रोज दहादा चुकीचं हललं म्हणायची. मी एकदाही हसलो नव्हतो. तुम्हाला हसलो. म्हातारा झालो बहुतेक."

मी म्हटलं, त्यांना सांगायला हवं. सर म्हणाले, हो. मी म्हटलं, मी एकटी सांगते. तर म्हणाले, "एकट्या नाही. ड्रिल माझ्या हातात होतं."

मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

१९ सप्टेंबर, शनिवार

मास्तर टाके काढायला आले होते. सर शेजारी बसले. मीच सांगितलं. बोटाखाली लागलं होतं, मी थांबले, तेवढ्यात नस दुखावली. इतकं सोपं वाक्य, पण तीन वेळा सुरुवात करावी लागली.

शांताबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला कळलं हुतं?"

"वाटलं होतं."

"मग बोलला का न्हाई?"

"खात्री नव्हती."

"आन् आता हाय का खात्री? परत येतंय ह्याची?"

"नाही," मी म्हटलं.

मास्तरांनी टोपी घातली. ओठ बोटानं धरून, नीट उच्चार करत म्हणाले, "येतो." आणि गेले. शांताबाईंनी वळून बघितलं नाही. डोळ्यात घालायचं औषध टेबलावरच राहिलं. मी मागे धावले तर रिक्षा निघून गेलेली.

२६ सप्टेंबर

मास्तर तपासणीला आले नाहीत. बँडच्या दुकानाशेजारच्या पी.सी.ओ.वर फोन करून निरोप ठेवला. तो माणूस म्हणाला, "सांगतो. पण ते हल्ली खाली येत नाहीत." डोळ्याच्या औषधाची बाटली निदान त्याच्याकडे नेऊन दिली. डोळा कोरडा पडला तर आणखी एक दुखणं.

३० सप्टेंबर. खंडेनवमी

मुद्दाम शनिवार पेठेतून स्कूटर घातली. बँडच्या दुकानात वाद्यांची पूजा मांडलेली. ट्रम्पेट, ढोल, झांजा, सगळ्यांना झेंडूच्या माळा. मास्तरांची क्लॅरिओनेट मधोमध, हळदकुंकू लावून. मास्तर दिसले नाहीत. उतरायचं धाडस झालं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले, निघाले.

१ ऑक्टोबर. दसरा

आई सकाळी पांढरी साडी नेसून विहारात गेली, मी घरी बसून राहिले. परत आली तेव्हा मी तिथेच, त्याच खुर्चीत. मग तिनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं.

सगळं ऐकून तिसरंच काही विचारलं. "क्लॅरिओनेटवाला? डाव्या कानात कापूस घालणारा?"

म्हटलं, हो.

"अगं, चौदा एप्रिलला येरवड्याच्या मिरवणुकीत तोच यायचा. कोवळा होता तेव्हा. तू चार वर्षांची, बाबांच्या खांद्यावर. तो जवळ आला की टाळ्या वाजवायचीस. बाबा त्याला घरी आणून पाणी द्यायचे."

बाबांचं नाव निघालं तशी तिनं भिंतीवरच्या त्यांच्या तसबिरीकडे बघितलं. मग आई म्हणाली, "उद्या सुट्टी आहे ना? जा त्यांच्याकडे. काही बोलू नकोस. जाऊन बस नुसती."

२ ऑक्टोबर

आईनं डबा दिला. शिरा. "ओठातून गळणार नाही असा घट्ट केलाय." हिला हे कसं सुचतं? मी वॉर्डात रोज त्यांना 'मऊ आहार घ्या' एवढंच सांगत होते.

दुकानाच्या वर दोन खोल्या. शांताबाईंनी दार उघडलं. डबा घेतला, आत गेल्या. मास्तर खिडकीशी, पाठ करून. मी सतरंजीवर बसले. खाली ढोलाला कुणीतरी ताण देत होतं, त्याचा ठण ठण आवाज. अर्ध्या तासानं उठले. म्हटलं, "आईनं विचारलंय. चौदा एप्रिलला येरवड्यात तुम्ही यायचात, म्हणाली."

मास्तरांची पाठ हलली. पण वळले नाहीत.

डबा तिकडेच राहिला.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

आले! दोघंही. मी रजिस्टरमध्ये नाव शोधत होते आणि समोर आमचाच स्टीलचा डबा येऊन टेकला. उघडला तर चकल्या. दिवाळीला अजून चार दिवस आहेत.

शांताबाई म्हणाल्या, "रिकामा कसा द्यायचा? ह्यांना चावत न्हाईत. तुम्ही खा." आवाज अजून तुटकच. पण डबा भरलेला.

तपासलं. नस अजून झोपलेली. काही नाही. सरळ सांगितलं की काही नाही. मग आरशासमोर बसवून व्यायाम शिकवले. बोटांनी गाल वर उचलायचा, ओठ ओढायचा, 'उ' म्हणायचं, 'ई' म्हणायचं. मास्तर आरशात बघून म्हणाले, "अर्धा माणूस हसतोय, अर्धा कुणाच्या तरी मौतीला आलाय." शांताबाईंना हसू आलं, त्यांनी पदर लावला तोंडाला. मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही थोडं थोडं केलं.

जाताना मास्तर म्हणाले, "मॅडम, राग गेला असं न्हाई हां. अजून हाय." मी म्हटलं, असू दे. "पण तुम्ही सांगितलंत. न सांगता पण चाललं असतं की. मला कुठं कळणार होतं?"

आई चकली खाऊन म्हणाली, भाजणी चांगली आहे बाईंची.

२९ ऑक्टोबर

दर गुरुवारी येतात. सव्वाअकरा, ठरलेलं. आज सात आठवडे संपले, आठवा सुरू. काही नाही.

सर रोज विचारतात, "मास्तर?" मी मान हलवते. तेही मान हलवतात. आमचं एवढंच बोलणं. कापडाखाली माझा हात अजून आहे. हल्ली इतकं जपून बसते की खांदा भरून येतो. दोनदा चुकीचं "हललं" म्हणाले. कुणी हसलं नाही.

मिलिंदचं अमेरिकेचं नक्की झालं. जानेवारीत निघणार. आईनं ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावत बसली.

१८ नोव्हेंबर, बुधवार

तुळशीची लग्नं झाली, माणसांची सुरू झाली. दुपारी नारायण पेठेत एका कार्यालयासमोर वरात अडली होती. लाल कोटांमध्ये मास्तर. हातात क्लॅरिओनेट नाही, खुळखुळा. तिसऱ्या रांगेत, कडेला, खुळखुळा हलवत चाललेले.

मी बाजूला स्कूटर लावून झाडामागे उभी राहिले, म्हणजे त्यांना दिसू नये. पण दिसले. त्यांनी खुळखुळा माझ्याकडे करून जरा जोरात हलवला. गणपतीत झुकले होते, तसेच झुकले.

घरी येऊन सलग पाच अंडी घासली. पाचही अख्खी. कशाचा आनंद व्हावा?

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

यंत्र आलं. एवढंसं खोकं. चेहऱ्यात बारीक सुया लावायच्या, नस जवळ आली की वाजतं. थिएटरमध्ये सगळे लग्नातलं रुखवत बघावं तसे गोळा होऊन बघत होते. मिलिंदचं म्हणणं खरं झालं: सेन्सर आला, मी सुटले.

केस मोठी. ऐकण्याच्या नसेवरची गाठ, कानामागून हाड काढत कवटीच्या तळाशी पोचायचं. सर हातमोजे घालून आले आणि सर्जनच्या स्टुलावर बसलेच नाहीत. पलीकडच्या, माझ्या स्टुलावर बसले. कापडाखाली हात घातला. म्हणाले, "सुजाताबाई, बाहेरचं हाड तुम्ही काढा."

कुसुम सिस्टरांनी ड्रिल माझ्या हातात दिलं. देताना त्यांचा हात क्षणभर माझ्या हातावर तसाच राहिला.

तासभर घासलं. पाणी, हाड, पाणी, हाड. हाड पातळ व्हायला लागलं की त्याचा रंग बदलतो, अंड्यासारखाच. आणि सर एकदम म्हणाले, "हललं."

उचललं. यंत्र वाजलं नव्हतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी खोक्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं. मीही बघितलं. सर म्हणाले, "यंत्राला काय विचारता? मी सांगितलं, तुम्ही उचललंत. चला पुढे."

आणखी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा यंत्र गप्प. शेवटी नस दिसली तेव्हा अजून चांगली लांब होती.

हे सर माझ्यासाठी करत होते. मला कळलं आणि त्यांना कळलं की मला कळलं. नंतरचं गाठीचं काम त्यांनीच केलं. पेशंट उठल्यावर दोन्ही बाजूंनी हसली.

१० डिसेंबर

आज तीन महिने. मास्तर सव्वाअकराला आले. 'ई' म्हणा, 'उ' म्हणा. काही नाही. डोळा मात्र किंचित जास्त मिटतो असं शांताबाई म्हणतात. मोजपट्टी लावली, मला तसं दिसलं नाही. तेच सांगितलं. शांताबाई म्हणाल्या, "तुम्ही दर गुरवारी बगता, मी रोज बगते."

तेही केसपेपरवर लिहून ठेवलं.

मास्तरांनी निघताना विचारलं, रविवारी वेळ आहे का. दुकानात या. दवाखान्यात नको.

१३ डिसेंबर, रविवार

दुपारी गेले. दुकानात दोघंच. बाकीची मंडळी वरातीला. भिंतीवर लाल कोट ओळीनं टांगलेले. मास्तरांनी पेटीतून क्लॅरिओनेट काढली, सांधे जोडले, तोंडाकडची पात जिभेवर ओली केली. तीन महिन्यांनी पहिल्यांदा. "घरी एकट्यानं लावायची हिंमत न्हाई झाली," म्हणाले.

तोंडाला लावली. फुंकली. डाव्या कोपऱ्यातून सगळी हवा बाहेर. फस्स. परत. फस्स. तिसऱ्यांदा थुंकी उडाली, शांताबाईंनी पुसली. मास्तर क्लॅरिओनेट मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत बसले.

मी उठले. त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. विचारलं, "हात लावू?" शांताबाईंकडेही बघितलं. त्या म्हणाल्या, "लावा."

ओठाचा कोपरा दोन बोटांनी धरला, तळहात गालावर. दाबला नाही, नुसता ठेवला. "वाजवा."

हवा गळेना. सूर निघाला. एकच, लांब, जरा थरथरणारा, पण सूर. शांताबाई खाली बसल्या. मास्तरांचे डोळे मिटले. उजवा पूर्ण, डावा अर्धा. सूर चढवला, मिरवणुकीत चढवायचे तसा, आणि तेव्हाच माझ्या बोटाखाली…

सुई टोचताना कातडी दबते तेवढंच. माझी नाडी असेल. हवेचा दाब असेल. त्यांच्याच श्वासानं गाल थरथरला असेल.

"हललं," मी म्हणाले.

सूर तुटला. मास्तर डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले. "खरंच?"

"माहीत नाही."

शांताबाई उठल्या आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, रस्त्यावरचा आवाज कमी झाला. मग माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी हात काढला नव्हता.

"परत वाजवा," मी म्हटलं. मास्तरांनी श्वास घेतला.